आमदार कशासाठी धाडायचा? सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांची हकीकत

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळच्या चर्चेत दोन मतं पडली. एक मत असं की, आपला माणूस विधानसभेत गेल्याशिवाय कापसाचं आणि ज्वारीचं काही खरं नाही. दुसरं असं की, तिथं गेलेला माणूस सहा महिन्यांत आपला राहत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. दोन्ही मतांना टाळ्या पडल्या. काही जणांनी तर दोन्हीकडं टाळ्या वाजवल्या, ते मी इथं बसून पाहत होतो. (हशा)

हा वाद हवेत करण्यापेक्षा एका माणसाची हकीकत समोर ठेवून करावा, म्हणून मी उभा आहे. माणूस आपल्या जिल्ह्यातला नाही, आपल्या चळवळीतलाही नाही. त्यांचा झेंडा लाल, पक्ष शेतकरी कामगार पक्ष. शेतीच्या अर्थकारणाबद्दल त्यांचं आणि माझं सगळं जमलं असतं असंही नाही, त्याबद्दल पुढं बोलणारच आहे. पण कोरडवाहू तालुक्यातल्या माणसांनी एकाच मतदारसंघातून ज्याला अकरा वेळा विधानसभेत पाठवलं, असा दुसरा माणूस महाराष्ट्रात झाला नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख. तिकडं त्यांना आबा म्हणत. ३० जुलै २०२१ ला ते गेले, तेव्हा नव्वदी कधीच ओलांडलेली होती.

आपल्यातल्या तरुण पोरांना सांगोला हे नाव वेगळ्याच कारणानं माहीत आहे. २०२२ साली तिथले तेव्हाचे आमदार गुवाहाटीला जाऊन झाडी, डोंगर आणि हाटेल पाहून आले, त्यांचा फोन साऱ्या महाराष्ट्रानं ऐकला. (हशा) त्यांच्याविषयी मला बोलायचं नाही. त्याच मतदारसंघातून आधी पन्नासहून अधिक वर्षं कोण निवडून येत होतं, ते बोलायचं आहे.

सांगोला म्हणजे माणदेश. नाव माण नदीचं, आणि नदी वर्षातले बहुतेक महिने वाळूची. पाऊस कमी, त्याचाही भरवसा परतीच्या पावसावर. ज्वारी रब्बीची, मालदांडी. आपल्याकडं खरिपाची ज्वारी कणसात काळी पडते म्हणून आपण रडतो. त्यांच्याकडं पेरणीलाच ओल नसते म्हणून ते रडतात. मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर राहणारी घरं, ऊसतोडीला जाणारी घरं. कापसाचा म्हणावा असा तो तालुका नाही. पण आभाळाकडं बघून पेरणारा शेतकरी तिथं आणि इथं एकच.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. कायद्याचं शिक्षण घेतलं आणि सांगोल्यात वकिली सुरू केली. कोरडवाहू तालुक्यातल्या वकिलाकडं कोण येतं? बांधाचं भांडण, सावकाराचा कागद, कुळाचा दावा, फौजदारानं उचललेला पोरगा. फी द्यायला कोणाकडं काही नसतं. अशा वकिलाच्या ओट्यावर जे लोक बसतात तेच पुढं त्याचे मतदार होतात. आजकाल आमदारकीची वाट बांधकामाच्या ठेक्यातून जाते. तेव्हा ती कोर्टाच्या ओट्यावरून जायची.

पक्षाबद्दल थोडं सांगतो, कारण नव्या लोकांना शेकाप म्हणजे रायगडातला एक जुना पक्ष एवढंच ठाऊक. स्वातंत्र्य आलं त्याच सुमारास काँग्रेसमधल्या काही लोकांना वाटलं की आता राज्य शेटजींचं आणि साखरेवाल्यांचं होणार, शेतकऱ्याला कोण विचारणार? केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी बाहेर पडली. १९४७-४८ मधली ही गोष्ट. १९५० साली मालेगावजवळच्या दाभाडीला बसून त्यांनी आपला विचार कागदावर मांडला. पुढं जेधे काँग्रेसमध्ये परत गेले, मोरेही गेले. पुढारी गेले, गावोगावचे कार्यकर्ते राहिले. गणपतराव त्या राहिलेल्यांपैकी. आपल्याकडं मराठवाड्यात कंधारचे केशवराव धोंडगे हे त्याच पक्षाचे, त्यांची भाषणं ऐकलेली माणसं या सभेत असतील.

१९६२ साली गणपतराव पहिल्यांदा निवडून आले. त्या विधानसभेत २६४ जागा होत्या, काँग्रेसच्या २१५. शेकापचे १५. म्हणजे हात वर करून मोजायचं म्हटलं तर विरोधकाच्या हाताला काही किंमत नव्हती. तेव्हा प्रश्न असा की, पंधरा माणसांतला एक माणूस तिथं बसून काय करतो?

हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्यातल्या शंभरातल्या नव्वदांना वाटतं की आमदाराचं काम म्हणजे रस्ता, सभामंडप, बदली आणि लग्नाला हजेरी. सभागृहात आमदाराच्या हातात काही अवजारं असतात. नांगर, वखर, तिफण, प्रत्येकाचं काम वेगळं, तसंच हे. पहिलं, तारांकित प्रश्न. लेखी विचारायचा, मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. मंत्र्याला घाम फुटतो तो उपप्रश्नाला, कारण छापील उत्तर सेक्रेटरीनं लिहून दिलेलं असतं, उपप्रश्नाचं नसतं. दुसरं, लक्षवेधी सूचना. ताज्या आणि तातडीच्या गोष्टीवर. तिसरं, कपात सूचना. बजेटात एखाद्या खात्याची मागणी आली की तीतून अमुक रक्कम कमी करा असं म्हणायचं, आणि त्या निमित्तानं त्या खात्याची सगळी लक्तरं वेशीवर टांगायची. शिवाय अर्धा तास चर्चा आहे, अशासकीय ठराव आहे, अशासकीय विधेयक आहे. सरकारी बाकांवरच्या आमदाराला ही अवजारं वापरायला लाज वाटते, मंत्रिपदाची आशा असते ना! विरोधातल्याला फक्त अभ्यास लागतो. आणि अभ्यास करायला कोणी तयार नसतं, ही खरी अडचण.

गणपतरावांचं नाव झालं ते या अवजारांवर. बजेटाची पुस्तकं वाचणारा आमदार अशी त्यांची ओळख. गळा फाडून ओरडणं नाही, राजदंड पळवणं नाही. मतदारसंघातून मुंबईला एस.टी.नं जायचं, एस.टी.नंच परत यायचं. एस.टी.त आमदारांसाठी एक राखीव आसन असायचं, आठवतं का? आपण त्यावर निवांत बसायचो, कारण आमदार कधी एस.टी.त चढलाच नाही. (हशा) सांगोल्याच्या गाडीत त्या आसनावर खरोखरच आमदार बसायचा.

साधेपणाचं कौतुक फार झालं, वर्तमानपत्रांनी ते भरपूर छापलं. मला त्यात फार रस नाही. साधा राहून निकामी ठरलेले पुढारीही आपण पाहिले आहेत. एस.टी.चा मुद्दा वेगळा आहे. निवडणुकीला ज्याला पैसा कमी लागतो, त्याला निवडून आल्यावर कोणाचे पैसे परत करावे लागत नाहीत. आणि गाडीत शेजारी बसलेला माणूस त्याला सरळ विचारू शकतो की, आबा, छावणी कधी उघडणार?

आता १९७२. त्या वर्षीच्या निवडणुकीत गणपतराव पडले, काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे निवडून आले. आणि नेमका त्याच वर्षी तो दुष्काळ पडला. या सभेतल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. मोर्चे निघाले, इस्लामपूरला मोर्चावर गोळीबार झाला, माणसं गेली. विरोधी पक्षांची सगळी ताकद तेव्हा रस्त्यावर होती. १९७४ मध्ये सांगोल्याला पोटनिवडणूक झाली आणि गणपतराव पुन्हा सभागृहात आले.

त्या दुष्काळातून जो कायदा निघाला त्याची हकीकत मी मुद्दाम सांगतो. रोजगार हमी. ही कल्पना कोणा अर्थमंत्र्याची नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, यांची. त्यांनी १९६५ च्या सुमारास आपल्याच भागात विसापूरला प्रयोग सुरू केला. मागेल त्याला काम, गावाजवळ काम. दुष्काळात ती कल्पना साऱ्या राज्यासाठी उचलली गेली. पण पैसा? १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडे पैसे कापायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, आणि तो पैसा खेड्यातल्या कामाला. मुंबईच्या बाबूच्या खिशातून पैसा काढून तो माणदेशातल्या बांधबंदिस्तीवर खर्च करायचा! असा कायदा एरवी झाला असता का? १९७७ साली विधिमंडळानं तो मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा कायदा त्यानंतर २००५ साली झाला, आपल्याच कायद्यावरून.

रोजगार हमीबद्दल आपल्यात कुरकुर आहे, मला माहीत आहे. वेचणीच्या वेळी बाया मिळत नाहीत, मजुरी वाढली. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं असायची, तेही खरं. पण एक बाब पाहा. १९९० साली याच योजनेला फळबाग लागवड जोडली. खड्डे खणायची मजुरी, रोपं, सगळा खर्च योजनेतून, आणि बाग शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात. सांगोल्याच्या माळावर डाळिंब आणि बोर पसरलं ते त्यानंतर. जिथं बाजरीचं पाच पोतं पीक यायची मारामार, तिथनं डाळिंबाच्या गाड्या भरू लागल्या. पुढं तेल्या रोगानं कित्येकांच्या बागा बसवल्या, तो भाग निराळा. हा कायदा एकट्या गणपतरावांनी केला असं कोणी म्हणू नये. कायदा पागेंच्या कल्पनेचा, सरकार काँग्रेसचं, रेटा रस्त्यावरच्या माणसांचा आणि विरोधी बाकांवरच्या मंडळींचा. पण तो राबतो की नाही हे सभागृहात दर अधिवेशनाला विचारणारी माणसं लागतात. कायदा झाला म्हणून हजेरीपट आपोआप खरा होत नाही. गणपतराव विचारणाऱ्यांपैकी होते.

१९७७ साली ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७८ मध्ये शरद पवारांचं पुलोद सरकार आलं, त्यात मंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये दिल्लीनं ते सरकार बरखास्त केलं, मंत्रिपद गेलं, गणपतराव मतदारसंघात परतले आणि ८० सालीही निवडून आले. ८५ साली आले, ९० साली आले. १९९५ साली पडले. किती मतांनी? १९२. शहाजीबापू पाटलांकडून. तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. आपल्याकडचा कोणी असता तर निकालाच्या आठवड्यात दुसऱ्या पक्षात गेला असता, किंवा विधान परिषदेसाठी कोणाच्या तरी दारात बसला असता. हे बसले नाहीत. १९९९ ला पुन्हा उभे राहिले, निवडून आले, आघाडी सरकारात मंत्रीही झाले. २००२ साली शेकापनं पाठिंबा काढला. मग २००४, २००९, २०१४. २०१२ मध्ये विधिमंडळानं त्यांच्या ५० वर्षांबद्दल गौरव केला. सगळ्या पक्षांच्या माणसांनी भाषणं केली. गौरव करणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांच्यासारखी कपात सूचना कधी लिहिली होती, हा माझा आपला एक खवचट प्रश्न.

ते धनगर समाजाचे. सांगोल्यात समाज मोठा आहे, म्हणून निवडून येत होते, असं कोणी सांगेल. समाज आजही तेवढाच आहे, पण २०१९ ला जागा गेली. नुसत्या जातीच्या बेरजेवर अकरा निवडणुका निघत नाहीत.

आता पाण्याकडं येतो. कृष्णेच्या पाण्याचा वाद बच्छावत लवादापुढं गेला. १९७६ मध्ये निवाडा जाहीर झाला, महाराष्ट्राला ५६० टी.एम.सी. पाणी. २००० सालानंतर फेरविचार होणार होता, म्हणजे त्याच्या आत पाणी अडवून वापरात आणणं भाग होतं. पाणी अडवायचं म्हणजे धरणं, कालवे, पैसा. पैसा पहिल्यांदा कुठं गेला? जिथं नदी वाहते तिथं, उसाकडं. सांगोला, आटपाडी, जत, माण, खटाव हे तालुके कृष्णेच्या खोऱ्यातच येतात, पण उंचावर. पाणी खाली वाहतं, माणदेश वर. मग पाणी उचलून न्यायला हवं, आणि ते महाग पडतं, असं पुस्तकी उत्तर दर वेळी मिळायचं.

१९९३ साली आटपाडीला पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव, डॉ. भारत पाटणकर ही मंडळी त्यात होती. तेरा दुष्काळी तालुक्यांचे शेतकरी आले. नागनाथअण्णा स्वतः वाळव्याचे, म्हणजे उसाच्या, पाण्याच्या भागातले. पाणीवाल्या भागातला माणूस बिनपाण्याच्या भागासाठी उभा राहिला हे मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं. त्यांची मागणीही नीट ऐकण्यासारखी होती. नुसतं "पाणी द्या" नाही. समन्यायी वाटप, प्रत्येक घराला पाण्यात वाटा. म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्यानं सगळं पाणी उसाला घ्यायचं आणि शेपटाकडच्यानं पाटाची फक्त माती बघायची, हे पुन्हा होऊ नये. परिषद पुढं वर्षानुवर्षं भरत राहिली. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं. कराडजवळच्या टेंभूची आणि मिरजेकडच्या म्हैसाळची उपसा योजना यांची कामं निघाली, थांबली, पुन्हा निघाली.

आणि पाणी सांगोल्यात पोचायला किती वर्षं लागली? पहिल्या परिषदेपासून वीसेक वर्षं. एक पिढी. मुलं म्हातारी होईपर्यंत म्हणा ना. पाणी आलं तर पंपाच्या विजेच्या बिलाचं भूत मानगुटीवर बसलं. बिल थकलं की पंप बंद, पंप बंद की उभं पीक गेलं. पुढं सरकारनं ८१ टक्के बिल स्वतः आणि १९ टक्के शेतकऱ्यानं असा हिशेब ठरवला, तेव्हा जरा बरं झालं. या सगळ्या काळात गणपतराव कधी आमदार, कधी मंत्री, कधी पडलेले. तगादा मात्र चालू होता. ज्यांना वाटतं की आपला माणूस निवडून दिला की दुसऱ्या वर्षी पाट खळखळायला लागेल, त्यांनी हा वीस वर्षांचा आकडा घरी नेऊन विचार करावा.

आता माझं आणि त्यांचं जिथं जमलं नसतं तो भाग.

आपल्या गळ्यात कापसाचा फास कोणी घातला? दिल्लीनं घातला, हे अर्धं खरं. कापूस एकाधिकार खरेदी योजनेचा कायदा विधानसभेत झाला, १९७१ चा. १९७२ च्या हंगामापासून तो लागू झाला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं कापूस फक्त सरकारलाच घालायचा. पलीकडं आंध्रात, मध्य प्रदेशात, गुजरातेत भाव चढा असला तरी आपल्या बैलगाडीनं सीमा ओलांडली की आपण तस्कर! स्वतःच्या रानातला कापूस, आणि शेतकरी तस्कर. शंभराला तीन रुपये भांडवल निधी कापला. चुकारे लांबले, ग्रेडरनं मनाला येईल तो कागद फाडला. या सभेतल्या कित्येक म्हाताऱ्यांनी खरेदी केंद्राबाहेर गाडीखाली रात्री काढल्या आहेत. ही योजना ज्या सभागृहानं केली आणि पुन्हा पुन्हा वाढवली, तिथं शेतकऱ्यांचा कळवळा असलेले डावे पक्षही होतेच. त्यांचा विश्वास असा की, व्यापारी लुटतो म्हणून सरकारनं खरेदी करावी. माझं म्हणणं असं की, सरकारनं खरेदीला जरूर उभं राहावं, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाकलून देऊ नये. एकच गिऱ्हाईक म्हणजे कसलं गिऱ्हाईक? या सदीच्या सुरुवातीला ती सक्ती मोडीत निघाली, तोवर तीस हंगाम गेले होते.

दुसरा मुद्दा सूतगिरणीचा. सांगोल्याला गणपतरावांच्या नेतृत्वाखाली सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि नीट चालली. बाकीच्या कित्येक सहकारी गिरण्यांचं काय झालं ते आपण बघतो, भागभांडवल सरकारचं, यंत्रं गंजलेली, चेअरमनचा बंगला मात्र तीन मजली. त्या मानानं सांगोल्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण मी कापूसवाला म्हणून विचारतो. कापूस आपल्या काळ्या रानात, आणि गिरण्या सोलापूर, कोल्हापूर, सांगलीकडं. हे कसं? उत्तर सोपं आहे. त्यांच्याकडं बजेट वाचणारे आमदार होते आणि आपल्याकडं मुख्यमंत्र्यांना हार घालणारे. मग दोष त्यांना द्यायचा की आपल्याला?

तिसरी गोष्ट, आणि ती आपल्यातल्या "आमदार व्हाच" म्हणणाऱ्यांसाठी. कापसाचा हमीभाव कुठं ठरतो? दिल्लीत. आयात-निर्यात कुठं ठरते? दिल्लीत. २०२१ च्या बजेटात कापसाच्या आयातीवर शुल्क बसलं, सगळं धरून ११ टक्के. २०२२ साली गिरणीवाल्यांनी हाकाटी केली, काही महिने ते माफ झालं. २०२५ साली १९ ऑगस्टपासून पुन्हा माफ, आधी सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग वर्षअखेरपर्यंत. म्हणजे बरोबर आपली वेचणी चालू असताना. मुंबईच्या सभागृहातल्या २८८ जणांनी एकमुखानं ठराव केला असता तरी त्याला दिल्लीत विनंतीपलीकडं किंमत नसती. गणपतरावांसारखा माणूस पन्नासहून अधिक वर्षं तिथं बसला, पाण्याचं झालं, कामाचं झालं, फळबागेचं झालं. ज्वारीला आणि कापसाला भाव मिळाला नाही, कारण भावाचं कुलूप त्या घराला लावलेलंच नाही. तेव्हा आमदार आला म्हणून आंदोलन संपलं असं समजणारा फसतो.

आणखी एक. १९६७ साली शेकापचे १९ आमदार होते. २०१४ साली ३. २०१९ साली एक, तोही आपल्या मराठवाड्यातल्या लोह्याचा. माणूस टिकला, पक्ष झिजला. २०१९ ला गणपतरावांनी वय झालं म्हणून उभं राहायला नकार दिला. घराबाहेरच्या माणसाला उमेदवारी आधी जाहीरही झाली होती. कार्यकर्तेच अडून बसले, घरातलाच पाहिजे. नातू उभा राहिला, आणि आठशेच्या आत मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू उभा राहिला आणि निवडून आला. नातवांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांचं काम त्यांनी करावं. पण पन्नास-पंचावन्न वर्षांत अभ्यास करणारा दुसरा कार्यकर्ता, ज्याच्या नावावर तालुका डोळे मिटून विश्वास ठेवील, असा तयार झाला नाही, हे त्या पक्षानं स्वतःला विचारलं पाहिजे. आपणही विचारलं पाहिजे. आज या जिल्ह्यात बजेटाचं पुस्तक उघडून कापसाच्या नावापुढं किती रुपये आहेत ते शोधून दाखवील असा आपल्यात कोण आहे? हात वर करा. (शांतता) बरं, एक हात दिसतो. त्या ताईंचं नाव लिहून घ्या रे कोणीतरी.

तेव्हा उमेदवार उभा करायचा की नाही, याचा निकाल आज इथं लागणार नाही, लावायची घाईही नाही. पण नागपूरचं हिवाळी अधिवेशन दर वर्षी आपल्या कापसाच्या हंगामातच येतं. नागपूर कराराचं तेवढं एक सुख. आपला आमदार असो नसो, जे कोणी या जिल्ह्यातून निवडून गेले आहेत त्यांच्या हातात तीच अवजारं आहेत जी गणपतरावांच्या हातात होती. ती ते वापरत नसतील तर प्रश्न आपण लिहून द्यायचे. नुसतं "शेतकऱ्यांवर अन्याय होतो हे खरे आहे काय" असं लिहिलं की मंत्री "हे खरे नाही" म्हणतो आणि खाली बसतो. प्रश्न असा पाहिजे: या जिल्ह्यात कापसाची किती खरेदी केंद्रं मंजूर झाली, कोणतं केंद्र कोणत्या तारखेला उघडलं, हंगामात किती दिवस बंद राहिलं, ओलावा १२ टक्क्यांच्या वर दाखवून किती गाड्या परत पाठवल्या, ओलावा मोजायचं यंत्र तपासलं कधी आणि कोणी. ज्वारीचंही तसंच: खरेदीची नोंदणी किती शेतकऱ्यांची, प्रत्यक्षात माप झालं कितींचं, बारदाना संपला म्हणून काटा किती दिवस बंद होता.

याची माहिती सरकार देणार नाही, ती आपल्याकडं आहे. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्यानं काट्याच्या पावत्या, परत पाठवलेल्या गाड्यांच्या तारखा आणि नोंदणीचे कागद यांची झेरॉक्स काढून तालुक्याला द्यायची. पावतीवर नाव नसेल तर मागच्या बाजूला गाव, गट नंबर आणि तारीख लिहा. तालुक्यानं पुढच्या बैठकीला गठ्ठा बांधून आणावा. प्रश्नाची नोटीस अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, तेव्हा दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्यांनी घरीच राहावं. प्रश्न कच्चा लिहायचं काम, आत्ता हात वर केला त्या ताई आणि दोन वकील मंडळी करतील. त्यांच्याजवळ जेवणाच्या सुट्टीत नावं द्या.